गुंतलेले कण आणि काशीकाकूचा प्रश्न

काशीकाकू मासे कापताना अखंड बोलत असे, आणि बोलताना कधी खाली बघत नसे. विळीवर पाय रोवून बसली की बांगड्याचं डोकं, कल्ले, पोटातली घाण, सगळं आपापल्या जागी पडत जायचं आणि तिची नजर मागच्या दारातून दिसणाऱ्या खाडीवर असायची. बाजारात कोणती बाई कोणाशी भांडली, बर्फाच्या कारखान्यात आज कोण उशिरा आला, कोणाच्या सुनेला डोहाळे लागले, हे सगळं आम्हाला विळीच्या पलीकडून ऐकायला मिळे. आई चुलीपुढे बसून कालवणासाठी तिरफळं ठेचत नुसती हुंकार द्यायची. माशाच्या तिखल्याचा वास घरभर पसरे, त्यात ओल्या जाळ्यांचा वास मिसळे, आणि मी पडवीत पाटावर बसून भौतिकशास्त्राचं पुस्तक वाचत असे. आज माझ्या पुण्याच्या घरात तिरफळं डब्यात असतात. झाकण उघडलं की आधी मला अभ्यास राहिल्यासारखं वाटतं आणि मग भूक लागते.

भाट्याच्या खाडीजवळ आमची वाडी होती. बाबा मुंबईला गोदीत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. घर चालायचं ते आई, काकू आणि यशवंतकाका या तिघांवर. काका लाँचवर तांडेल होता. लाँच कधी सोडायची, जाळं कुठे टाकायचं, परत कधी फिरायचं, हे तांडेलानं ठरवायचं आणि बाकी खलाशांनी ऐकायचं. समुद्रावर असा हुकूम चालवणारा माणूस घरात मात्र इतका कमी बोलायचा, की तो आलाय हे आम्हाला त्याच्या खोकल्यावरून कळे. काकाकाकूंना मूल नव्हतं. त्यामुळे मला दोन आया होत्या. एक रागावणारी आणि एक बोलणारी.

कॉलेजात आठल्येबाई आम्हाला शिकवायच्या. मूळच्या देवरूखच्या, शहरात खोली घेऊन एकट्या राहायच्या आणि सुट्टी लागली की एसटीनं घरी जायच्या. त्यांना बाहेरगावच्या एका मित्राकडून विज्ञानाची जुनी मासिकं येत. त्यातलंच एक त्यांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाल्या, "समजलं तर मला सांग. मलाही नीट समजलेलं नाही." शिक्षकानं असं म्हणणं मी तोवर ऐकलं नव्हतं. परदेशातल्या प्रयोगांबद्दल तो लेख होता. प्रकाशाचे दोन कण एकत्र जन्माला येतात आणि दोन दिशांना निघून जातात. एकाचं मोजमाप केलं की दुसऱ्याचं काय निघणार ते त्याच क्षणी ठरतं, मधे कितीही अंतर असो. जगातल्या एका फार मोठ्या शास्त्रज्ञाला हे आयुष्यभर पटलं नव्हतं. त्याला त्यात भुताटकीच दिसली होती.

मला वाटलं, यात एवढं काय आहे. वहाणांचा जोड घ्यावा, एक पायताण मुंबईला पाठवावं, एक घरी ठेवावं. घरचं डाव्या पायाचं निघालं की मुंबईचं उजव्या पायाचं. बाईंनी मान हलवली. "वहाण आधीपासून डावी असते," त्या म्हणाल्या. "इथे बघेपर्यंत डावंउजवं ठरलेलंच नसतं. आता तू विचारशील, कशावरून? गुपचूप ठरवून आले असतील कण." मग त्यांनी मला दोन विद्यार्थ्यांची गोष्ट सांगितली. दोघांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवायचं आणि कोणाला कोणता प्रश्न द्यायचा ते अगदी शेवटच्या क्षणी ठरवायचं. दोघं आधी कितीही घोकून, ठरवून आले असले, तरी त्यांच्या उत्तरांच्या मेळाला एक मर्यादा राहते. ती मर्यादा हिशेबानं काढता येते. प्रयोगात कणांनी ती मर्यादा ओलांडली होती. म्हणजे ते ठरवून आले नव्हते, आणि मेळ तर होताच. त्या संध्याकाळी मी घरी चालत आले तेव्हा पुलावर बराच वेळ उभी होते. पाण्यावरून काही नेहमीचे बगळे गेले. ते मला नेहमीचे वाटले नाहीत.

मी हे सगळं काकूला सांगितलं, कारण ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

"कण म्हंजे काय गो, कण्या?" तिनं विचारलं. "तांदळाच्या?"

"त्याहून लहान."

"त्याहून लहान झालं तर चाळणीतून जाणार. मग बघतात कसं?"

प्रश्न चांगला होता. मी दिव्यांचं, काचांचं, मोजणाऱ्या यंत्रांचं जमेल तसं सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू हे देवळात सांग. नवरात्रात रोज तीच तीच गाणी होतात."

आणि खरंच, नवरात्रात एका संध्याकाळी वाडीच्या देवळात माझं भाषण ठेवलं गेलं. मला मुळाक्षरं शिकवणारे भिवामास्तर पुढ्यातच बसले होते. निवृत्त झाले तरी सगळी वाडी त्यांना मास्तरच म्हणे, आणि तेही सगळ्या वाडीला विद्यार्थीच समजत. मी बोलले. दोन खोल्या, दोन विद्यार्थी, सगळं सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की या कणांच्या मदतीनं कोणी कोणाला निरोप पाठवू शकत नाही. पण तोवर खोबरंसाखर वाटायला सुरुवात झाली होती आणि माणसं उठू लागली होती. मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणजे एकाला काही झालं की लांबच्या दुसऱ्याला कळतं," ते भरल्या आवाजात म्हणाले. "आपल्या आयाबायांना हे कधीपासून ठाऊक आहे, पोरी. तू आज त्याला पुरावा दिलास." मी म्हटलं, तसं नाही मास्तर. पण त्यांनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष राहिलं नाही.

दिवाळीच्या आधी वादळ आलं. रेडिओवर इशारा झाला तेव्हा बऱ्याच लाँच बाहेर होत्या. काही त्याच संध्याकाळी बंदराला लागल्या, काही जयगडच्या खाडीत शिरल्या आणि वारा पडल्यावर एकेक करून आल्या. काकाची लाँच आली नाही. शेवटचं ज्यांनी पाहिलं होतं ते सांगत होते की तिच्या इंजिनातून काळा धूर येत होता, आणि मग पावसाच्या सरीत ती दिसेनाशी झाली.

घरात माणसं येऊ लागली. कोणी चहाची किटली आणे, कोणी भाकऱ्या. बायका काकूच्या भोवती बसत आणि आपल्या घरातली माणसं कशी उशिरा का होईना परत आली ते सांगत. जी परत आली नव्हती त्यांच्याबद्दल कोणी बोलत नसे. भिवामास्तर काठी टेकत आले, पडवीत बसले आणि काकूला म्हणाले, "काशी, धीर सोडू नको. आपल्या शैलानं सांगितलंय ना देवळात? इतकी वर्षं संसार केलेली माणसं तुम्ही. त्याला काही झालं असतं तर तुला इथे कळलं असतं. तुझा जीव तुला सांगेल."

त्यांना धीर द्यायचा होता. माझ्या मनात आजही त्यांच्याबद्दल राग नाही. पण त्या वाक्यानंतर काकूनं बोलणं बंद केलं. ती कामं करत होती. अंगण झाडत होती, पाणी भरत होती. चुलीवरची पेज तिच्या समोर करपली तरी तिला वास आला नाही. शेजारणीनं कापायला म्हणून मासे आणून दिले तेव्हा ती खाली मान घालून एकेक मासा कापत बसली. विळीचा तेवढा आवाज येत होता. मला तो सहन होईना आणि मी उठून विहिरीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याजवळ आली. "शैले, मास्तर म्हणतात ते खरं काय?"

"काय?"

"एकाला काय झालं की दुसऱ्याला कळतं. तू सांगितलेलंस ते."

उत्तर मला येत होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "बाईंना विचारून सांगते." ती मागे फिरली. आईनं हे ऐकलं होतं. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी तिनं मला गाठलं.

"हो म्हण तिला," आई म्हणाली. "म्हण, काका बरा असणार, नायतर तुला कळलं असतं. एवढं एक बोललीस तर काय बिघडतंय?"

"खोटं आहे गं ते."

"असू दे खोटं. दोन घास तरी खाईल ती."

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं देवरूखला गेले. सुट्टीमुळे बाई घरीच असणार होत्या. हातखंबा मागे पडला, डोंगर लागले, भाताची कापणी चालली होती. बसमध्ये लोक दिवाळीचे आकाशकंदील मांडीवर घेऊन बसले होते. बाई चिवड्यासाठी पोहे भाजत होत्या. मला दारात बघून त्यांनी आधी गूळपाणी दिलं आणि मग विचारलं. मी सगळं सांगितलं. पोहे कढईत तसेच राहिले.

"कणांचं म्हणशील तर तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "एका टोकाला बसलेल्याला आपल्या कणाकडे बघून पलीकडचं काहीही कळत नाही. त्याला नाणं उडवल्यासारखे छापा आणि काटा दिसतात. दोन्हीकडचे निकाल कोणीतरी आणून शेजारी मांडले, की मग मेळ दिसतो. आणि माणसांचं म्हणशील तर तो आपला विषयच नाही."

"आई म्हणते, हो म्हण."

बाईंनी कढई खाली उतरवली. "तुझी आई प्रेमानंच म्हणतेय. पण काकूनं मास्तरांना परत विचारलं नाही, तुला विचारलं. ज्याच्याकडून खरं कळेल असं वाटतं, त्यालाच माणूस दुसऱ्यांदा विचारतं."

"आणि मी नाही म्हटल्यावर?"

"मग तिच्याजवळ बस. उठून जाऊ नकोस."

निघताना त्यांनी मला गरम पोहे कागदात बांधून दिले. मी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा काकू मागच्या दारात तांदूळ धूत होती. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"नाही काकू," मी म्हटलं. "कळत नाही."

तिचा हात पाण्यात थांबला. मी भरभर बोलत सुटले. म्हटलं, माणसांचं सोडच, त्या कणांनासुद्धा एकमेकांकडून निरोप मिळत नाही. पलीकडे काय झालं ते अलीकडच्याला आपोआप समजत नाही. कोणीतरी यावं लागतं, सांगावं लागतं. मास्तर चांगले आहेत, पण त्यांचं चुकलं. मला वाटलं, आता ती रडेल. मी तिचा हात धरायला म्हणून पुढे सरकले.

"म्हंजे," काकू सावकाश म्हणाली, "मला जे झालं ते त्याच्याकडून आलेलं नाय?"

"तुला काय झालं?"

तिनं तांदळाचं भांडं खाली ठेवलं. "वादळ सरलं त्या शुक्रवारी दुपारी. बाजारात टोपली उचलत होते. काळीज असं खाली गेलं बघ, विहिरीत कळशी सुटावी तसं. डोळ्यापुढं काळोख आला. माझ्या मनात आलं, गेला. मग म्हटलं, ऊन लागलं असेल. पण मास्तर बोलले तुझा जीव तुला सांगेल, आणि मला कळून चुकलं. माझ्या जिवानं तर सांगितलेलंच."

इतके दिवस ती काकाला गेलेला धरून घरात वावरत होती. अंगण झाडताना, पाणी भरताना, बायका धीर देत असताना. आम्हा कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

"कोणाला बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? बोललं की खरं होतं."

"काकू, ते तुझं भय होतं. वादळाचं सगळ्यांच्याच पोटात होतं. ते काकाकडून आलं नव्हतं."

"माझंच?"

"तुझंच."

खाडीला भरती लागत होती आणि पाणी बांधाच्या दगडांना हळूहळू आपटत होतं. मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे उठले नाही.

"माझंच असेल तर माझं मी बघीन," ती अखेर म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तो आहे का नाय, हे मग कोणालाच ठाऊक नाय."

"कोणालाच नाही."

"मास्तरांना पण?"

"त्यांनाही नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तांदळाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "जा, अजून मूठभर घाल. एवढ्यात पुरायचं नाय." त्या संध्याकाळी ती जेवली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगितलं असेल याचा अंदाज तिला लागत नव्हता, आणि मीही तिला लगेच काही सांगितलं नाही.

पुढे मी हाच विषय घेऊन शिकले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवला. ज्याच्यावर तेव्हा मासिकात लेख यायचे, त्याची आता यंत्रं झाली आहेत. माझी एक विद्यार्थिनी गुंतलेल्या प्रकाशकणांनी दोन इमारतींमधे गुप्त किल्ल्या तयार करते. किल्ली म्हणजे निरोप कुलपात ठेवणारी आकड्यांची लांबलचक माळ, दोन्हीकडे सारखी. मधे कोणी चोरून बघितलं तर कणांचा मेळ बिघडतो आणि चोरी उघडी पडते. मी तिची प्रयोगशाळा बघायला गेले होते. एका कणाची सगळी अवस्था लांबच्या दुसऱ्या कणावर उतरवायचा प्रयोगही तिनं मला दाखवला. तो पुरा व्हायला एका टोकाचा निकाल साध्या तारेनं दुसऱ्या टोकाला कळवावा लागतो. ती वाक्य संपवायच्या आधीच मी हसले, आणि तिला वाटलं, आपल्या बाईंचं वय झालं. माझ्या फोनवर हल्ली 'क्वांटम शक्ती'च्या अंगठ्या आणि गाद्यांच्या जाहिराती येतात. दूरच्या माणसाशी मन जोडून देतो म्हणतात. मी त्या पुसून टाकते. पण त्या घेणाऱ्यांना मला हसता येत नाही. कोणाची कोणती लाँच यायची राहिलीय, हे आपल्याला कुठे माहीत असतं?

त्या वर्षी काकाची बातमी फोननं आली. बर्फाच्या कारखान्यात फोन होता. तिथला कारकून सायकल टाकून धावतच आमच्या अंगणात आला आणि त्याला धाप लागल्यामुळे आधी कोणाला काही समजेना. इंजिन बंद पडलं होतं. वाऱ्यानं लाँच दक्षिणेकडे लोटत नेली. कारवारकडच्या एका मोठ्या लाँचनं त्यांना पाहिलं आणि ओढत बंदराला नेलं. सगळे जिवंत होते. एका खलाशाचा हात मोडला होता, एवढंच. आई अंगणातच खाली बसली. काकूनं कारकुनाला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः बोललात? त्याचा आवाज ऐकलात?" तो म्हणाला, "ऐकला. खोकत होता." तेव्हा कुठे ती रडली.

काका आला तो ट्रकमधून, बर्फाच्या पेट्यांवर बसून. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, अंगात कोणाचा तरी लांब बाह्यांचा सदरा. काकूनं त्याला न्हाऊ घातलं, पेज आणि भाजलेलं सुकट वाढलं, आणि तो खात असताना पंख्यानं वारा घालत विचारलं, "शुक्रवारी दुपारी काय चाललेलं तिकडं?"

काका आठवू लागला. "शुक्रवारी? वारा पडलेला तेव्हा. मी झोपलेलो. दोन रात्री डोळा लागलेला नव्हता, चांगली झोप लागली."

"झोपला होता," काकू माझ्याकडे वळून म्हणाली. आणि हसायला लागली. इतकी हसली की काका घास हातात धरून बघत राहिला. त्यालाही मग हसू आलं, कशाचं ते न कळताच.

संध्याकाळी सगळी वाडी अंगणात जमली. काकाला खुर्ची दिली होती आणि तो त्याच्या पद्धतीनं एकेका शब्दात उत्तरं देत होता. भिवामास्तर त्याच्या शेजारी बसले होते. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते. बायकांनी काकूची ओटी भरली. हिच्या पुण्याईनं आला, असं एकजण म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी काठी उचलून काकूकडे रोखली.

"मी म्हटलं नव्हतं? हिला ठाऊक होतं. बघा, एक टिपूस गाळलं नाही. तुझ्या जिवानं तुला सांगितलेलं ना, काशी?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. हो म्हणणं फार सोपं होतं. वाडीनं तिला आयुष्यभर त्या एका शब्दासाठी मानलं असतं, आणि मास्तरही सुखावले असते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. काकूनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ओटीतला नारळ नीट सावरला आणि मास्तरांकडे बघून, त्यांना लागणार नाही अशा बेतानं, अगदी हळू म्हणाली,

"नाय हो मास्तर. मला काय एक ठाऊक नव्हतं. मी नुसती वाट बघत होते."